सरपंचाविरुद्ध अर्ज : महाराष्ट्राच्या गावकारभारातील विरोधाचा इतिहास

महाराष्ट्रात आज सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही गावात, वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या व कायद्याने अपात्र न ठरलेल्या मतदाराला सत्तेवर असलेल्या सरपंचाविरुद्ध उभे राहता येते. हा अधिकार इतका अंगवळणी पडलेला आहे की तो किती अलीकडचा आहे, याचे भान सहसा राहत नाही. गावाच्या प्रमुखाला त्याच्या पदावर असताना आव्हान देणे ही गोष्ट महाराष्ट्राच्या खेड्यांत कित्येक शतके केवळ अवघड नव्हती, तर तिला व्यवस्थेत जागाच नव्हती. आणि जेव्हा जागा मिळाली तेव्हाही ती एकाच कायद्याने वा एकाच चळवळीने मिळाली नाही. विरोधकाच्या वाटचालीचा हा इतिहास गावकारभाराच्या नेहमीच्या इतिहासात फारसा येत नाही, कारण तो इतिहास बहुधा समित्यांच्या अहवालांतून आणि अधिनियमांच्या कलमांतून लिहिला गेला आहे, तर अर्ज भरण्याचा निर्णय मात्र घराच्या ओसरीवर, भावकीच्या बैठकीत आणि पुष्कळदा रात्रीच्या वेळी होत आला आहे.

मराठेशाहीतील गावाचा प्रमुख म्हणजे पाटील आणि पाटीलकी हे वतन होते. वतन म्हणजे गावाच्या सेवेबद्दल पिढ्यानपिढ्या चालणारा हक्क. त्यात इनाम जमीन, धान्यातील वाटा, सणासमारंभातील मानपान आणि पद हे सारे एकत्र येई. असे वतन वारशाने मिळे, भावांत वाटले जाई, गहाण पडे आणि दुष्काळात किंवा सरकारी देणे थकल्यावर अर्धे विकलेही जाई. अर्ध्या वतनाच्या अशा व्यवहारांचे कागद पेशवाईच्या दप्तरांत पुष्कळ सापडतात. पद हीच मालमत्ता असल्यामुळे पाटलाला विरोध करण्याचा एकच मार्ग उरे, तो म्हणजे मालकीचा दावा. आपण अधिक चांगला कारभार करू असे कोणी म्हणत नसे. मूळ पाटीलकी आपल्या पणज्याची होती आणि प्रतिपक्षाच्या पूर्वजाने ती बळकावली, असे म्हणावे लागे. हा वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावातील व परिसरातील वतनदार, बलुतेदार आणि जाणत्यांच्या सभेपुढे चाले, तिचा निर्णय महजर नावाच्या दस्तावर लिहिला जाई आणि त्यावर पाटलाची नांगराची निशाणी उमटे. साक्षीपुराव्याने निवाडा होईना तेव्हा पक्षकाराला दिव्य करावे लागे, म्हणजे तापवलेल्या धातूसारख्या कसोटीतून आपली सत्यता सिद्ध करावी लागे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीचा जो अभ्यास केला, त्यातून या दाव्यांची दीर्घता आणि त्यांत पणाला लागणारी प्रतिष्ठा नीट कळते. मात्र या साऱ्या झगड्यात सामान्य कुणबी, कारागीर किंवा महार कुठेही दावेदार म्हणून येत नाही. तो साक्षीदार असतो. वतनदाराविरुद्ध वतनदार एवढाच विरोधाचा परीघ होता, आणि पुढे जे काही घडले ते या परिघाच्या मोडतोडीच्या दृष्टीने पाहिले तरच त्याचे मोल ध्यानात येते.

इंग्रजी अमलाने ही व्यवस्था मोडली नाही, तिला नोंदवहीत बसवले. रयतवारी पद्धतीत सारा गोळा करायला पाटील हवाच होता, म्हणून १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत पदांचे नियमन केले आणि कोणत्या घराण्याच्या कोणत्या शाखेने कधी काम पाहायचे हे सरकारी नोंदीचा विषय झाले. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली, पण त्यांचा मताधिकार मालमत्तेशी बांधलेला असल्यामुळे निवडणुकीची हवा तालुक्याच्या गावापर्यंतच पोचली. शहरांत चित्र वेगळे होते. मुंबईत १८७२ च्या कायद्यापासून करदाते सदस्य निवडत होते, आणि पुण्यात १९२५ मध्ये नगरपालिकेवर निवडून आलेल्या केशवराव जेधे यांनी जोतीराव फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडून प्रस्थापित सदस्यांशी उघड सामना केला. तो प्रस्ताव फेटाळला गेला, तरी नगरपालिकेचे सभागृह हे विरोधाचे ठिकाण असू शकते हे त्याने दाखवून दिले. खेड्यात असे सभागृहच नव्हते. १९२० आणि १९३३ च्या ग्रामपंचायत कायद्यांनी ते कागदावर आणले, पण या पंचायतींच्या हाती पैसा तुटपुंजा होता आणि त्या सगळीकडे स्थापनही झाल्या नाहीत. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले : जातींनी विभागलेल्या गावात केवळ निवडणूक ठेवली तर अस्पृश्यांच्या वाट्याला काहीच येणार नाही, म्हणून त्यांना स्वतंत्र राखीव प्रतिनिधित्व हवे, अशी त्यांची मागणी होती. गाव एकजिनसी आहे आणि त्याचे हित एक आहे हे गृहीतच त्यांनी नाकारले. गावकारभारातील विरोधाच्या इतिहासात या भाषणाचे स्थान फार मोठे आहे. पुढची ६० वर्षे कायदा त्या मागणीच्या मागून रखडत चालला, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन प्रवाह जवळपास एकाच वेळी पुढे सरकले. एकीकडे वतने गेली : कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, महार वतनासह कनिष्ठ समजली गेलेली वतने १९५८ च्या कायद्याने, आणि मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमण्याचे पाऊल १९१८ मध्येच उचलले होते, हे येथे आठवले पाहिजे. दुसरीकडे १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १ जून १९५९ पासून अमलात आला आणि प्रौढ मताधिकारावर निवडलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडतील अशी रचना झाली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्याही कामाला लागल्या. अशा रीतीने तीन-चार वर्षांच्या आत महाराष्ट्राच्या गावाने जन्मसिद्ध प्रमुख गमावला आणि त्याच्या जागी मुदत असलेला प्रमुख आला. मुदत हीच यातली खरी नवी गोष्ट होती. विरोधकाला आता पणज्याचा कागद शोधायचा नव्हता. त्याला पुढच्या निवडणुकीची वाट पाहायची होती.

प्रत्यक्षात पहिल्या दोन दशकांत पुष्कळ गावांमध्ये पाटलाच्या वाड्यातलाच माणूस सरपंचाच्या खुर्चीत बसला. व. मं. सिरसीकर यांनी ग्रामीण नेतृत्वाचा केलेला अभ्यास आणि अँथनी कार्टर यांनी फलटण तालुक्यातील राजकारणावर लिहिलेला ग्रंथ यांतून जमीन, घराणे, सोयरीक आणि सहकारी संस्था यांची गुंफण कशी टिकून राहिली हे दिसते. या गुंफणीमुळे सत्ताधाऱ्याविरुद्ध उभे राहण्याचा निर्णय एकट्याचा राहत नसे आणि आजही राहत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक महाराष्ट्रात पक्षचिन्हावर होत नाही; तेथे पॅनल लढते, म्हणजे गावातील एका गटाने सर्व प्रभागांसाठी मिळून उभी केलेली, ग्रामदैवताच्या किंवा एखाद्या महापुरुषाच्या नावाने ओळखली जाणारी उमेदवारांची फळी. एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असल्याने एकट्या उमेदवाराला मते जमवणे कठीण जाते आणि पॅनलची गरज कायद्याच्या रचनेतूनच निर्माण होते. पॅनल बांधायचे तर आधी भावकी, म्हणजे एकाच कुळातील भाऊबंदांचा समूह, एका बाजूला आणावी लागते, आणि गावातील बहुतेक कडवे विरोध तिथेच फुटतात, कारण सरपंच आणि त्याचा विरोधक अनेकदा एकाच आडनावाचे, एकाच बांधाचे वाटेकरी असतात. विरोधात जाणाऱ्याला ज्या गोष्टींचा हिशेब करावा लागतो त्या मतदारयादीत दिसत नाहीत : विकास सेवा सोसायटीतून मिळणारे पीककर्ज कोणाच्या शिफारशीने मंजूर होते, उसाला तोड वेळेवर कोण मिळवून देतो, विहिरीकडे जाणारी वाट कोणाच्या शेतातून जाते, मुलीची सोयरीक कोणत्या घराशी जुळत आली आहे. कारखान्याच्या पट्ट्यात तोडणीचे वेळापत्रक लांबले तर उसाचे वजन घटते आणि नुकसान रोख पैशात मोजता येते. म्हणून तेथे विरोधाची किंमत कोरडवाहू गावापेक्षा जास्त पडते. तरीही माणसे उभी राहत आली, ही या इतिहासातील सर्वांत आदराने नोंदवण्याजोगी बाब आहे.

या हिशेबावर आणखी एक वजन टाकले गेले, ते एकीच्या आदर्शाचे. विनोबा भावे यांच्या सर्वसहमतीच्या विचाराने आणि जयप्रकाश नारायण यांच्या पक्षविरहित लोकशाहीच्या मांडणीने बिनविरोध निवडणुकीला, म्हणजे जागेइतकेच अर्ज उरून मतदानच न होणाऱ्या निवडणुकीला, नैतिक तेज दिले. निवडणुकीने गावात वैर येते, खर्च होतो, म्हातारीकोतारी माणसे एकमेकांच्या दारात जायची थांबतात, हे खरेच आहे आणि त्यामागची तळमळ प्रामाणिक होती. परंतु ज्या गावात बोलण्याचा मान काही घरांनाच आहे तेथे बैठकीतला एकमुखी निर्णय त्या घरांचाच निर्णय असतो, आणि अर्ज मागे घेणाऱ्याने गावासाठी त्याग केला असे म्हटले जाते तेव्हा त्याला कोणी कोणत्या शब्दांत समजावले हे विचारले जात नाही. या प्रथेचे सर्वांत विदारक रूप जानेवारी २०२१ मध्ये समोर आले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे २ कोटी ५ लाख आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ४२ लाख रुपयांची बोली लागून पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले, आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. पैसा देवस्थानाच्या कामासाठी होता म्हणून हा व्यवहार निर्मळ ठरत नाही. पाटीलकीच्या खरेदीखतात आणि या बोलीत फरक एवढाच की पहिल्या व्यवहाराला त्या काळच्या कायद्याची मान्यता होती.

त्याच महिन्यात, १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झालेल्या निवडणुकीत, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये सुमारे ३० वर्षांनी प्रथमच मतदान झाले. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोट विकास, चराईबंदी आणि पाण्याच्या ताळेबंदाने देशभर नाव मिळवलेल्या या गावात तोवर निवड बिनविरोध होत असे. विरोधी पॅनल उभे राहिले, मतदान झाले आणि सातही जागा पवार यांच्या पॅनलने जिंकल्या. बिनविरोध परंपरा खंडित झाली म्हणून तेव्हा काही ठिकाणी हळहळ व्यक्त झाली, ती अस्थानी होती. उत्तम कारभार करणाऱ्याच्या कामावर मतपेटीतून शिक्कामोर्तब होण्याची संधी विरोधकांनीच निर्माण केली. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील पाटोदा या दुसऱ्या आदर्श गावात मात्र माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील स्वतः रिंगणाबाहेर असताना त्यांच्या कन्येचा पराभव झाला. दोन्ही निकाल एकत्र ठेवले तर चांगल्या कामाची पुण्याई कोणत्या मर्यादेपर्यंत चालते हे ठरवण्याचा हक्क मतदाराने आपल्याकडे ठेवला, असे दिसते.

विरोधकांच्या पंक्तीत स्त्रिया कशा आल्या, हा या इतिहासाचा स्वतंत्र अध्याय आहे. १९५८ च्या अधिनियमाने स्त्रियांसाठी दोन जागांची सोय केली होती, पण तिथे बसणारी स्त्री सत्ताधारी घरातली असे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे मोठे अधिवेशन भरले आणि त्यानंतर स्त्रियांनी पंचायत राज्याच्या निवडणुका स्वतंत्र पॅनल करून लढवाव्यात हा विचार गावोगाव गेला. १९८९ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावांत संपूर्ण महिला पंचायती निवडून आल्या. संसदेत ७३ वी घटनादुरुस्ती होण्यापूर्वीची ही घटना आहे, हे विसरता कामा नये : आरक्षणाने स्त्रियांना उभे केले हे खरे असले, तरी काही गावांत स्त्रिया आरक्षणाआधीच खुल्या जागांवर प्रस्थापितांसमोर उभ्या राहिल्या होत्या. २४ एप्रिल १९९३ रोजी घटनादुरुस्ती अमलात आली, १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला, स्त्रियांना एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात व इतर मागासवर्गीयांनाही राखीव जागा आल्या, आणि निवडणुका मुदतीत घेणे सरकारच्या मर्जीवर राहिले नाही.

आरक्षण फिरते असल्यामुळे ‘सत्तेवर असलेला’ या कल्पनेचाच पोत बदलला. सोडतीत सरपंचपद दुसऱ्या प्रवर्गाकडे गेले की बसलेला सरपंच आपोआप बाहेर पडतो, आणि विरोधकाला त्याच्याशी लढण्याऐवजी त्याच्या पत्नीशी, भावजयीशी किंवा त्याने निवडलेल्या उमेदवाराशी लढावे लागते. राखीव प्रभागात दोन्ही पॅनलांचे प्रमुख आपापल्या शब्दातला माणूस शोधतात. पुष्कळदा तो त्यांच्याच शेतावर राबणारा असतो आणि त्याच्या अर्जावरचा निर्णय त्याने घेतलेला नसतो. पण या रचनेला तडेही इथेच गेले. एकदा पाच वर्षे सही केलेली, ग्रामसभेत उभी राहिलेली, पंचायत समितीच्या कार्यालयात स्वतः जाऊन आलेली स्त्री पुढच्या वेळी पॅनलप्रमुखाला विचारल्याशिवाय अर्ज भरते, अशी उदाहरणे वाढत गेली. तिला खाली खेचण्यासाठी अविश्वास ठरावाचा, म्हणजे मुदत संपण्याआधी सदस्यांच्या मताने सरपंचाला दूर करण्याच्या तरतुदीचा, वापर इतका झाला की स्त्री सरपंचाविरुद्धच्या ठरावासाठी दोन तृतीयांशाऐवजी तीन चतुर्थांश बहुमताची अट घालावी लागली.

दार जसजसे रुंद झाले तसतसे उंबरठ्यावरचे पहारेही वाढले. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये असणे, सरकारी जमिनीवर अतिक्रमण असणे, घरात शौचालय नसणे, ग्रामपंचायतीचा कर थकवणे अशी अपात्रतेची कारणे कायद्यात एकामागून एक आली. प्रत्येक अटीमागे हेतू चांगला सांगता येतो, पण छाननीच्या दिवशी, म्हणजे तहसील कार्यालयात अर्जांची तपासणी होते त्या दिवशी, या अटींचा भार कोणावर पडतो हे पाहिले की चिंता वाटते. गावठाणाबाहेर गायरानात घर बांधून राहणारे कुटुंब बहुधा भूमिहीन असते. कराची पावती आणि दाखले ज्या दप्तरातून मिळवायचे ते दप्तर ज्याच्या प्रभावाखाली असते, त्याच्याविरुद्धच अर्ज भरायचा असतो. राखीव जागेवर निवडून आलेल्याला जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर करावे लागते, आणि पडताळणी समितीपुढची दिरंगाई त्याचे पद हिरावून घेऊ शकते. अर्थात हीच कलमे उलट दिशेनेही चालली : सरपंचाच्या सासऱ्याने अडवलेली सरकारी जागा मोजून घेऊन त्याच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणारा विरोधक मतपेटीबाहेर लढू लागला. कुटुंबातील व्यक्तीच्या अतिक्रमणामुळेही सदस्य अपात्र ठरू शकतो, हे जनाबाई प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्यावर अशा तक्रारींना बळ आले.

सरपंच कोणी निवडायचा, या मूळ प्रश्नावर मात्र राज्याचे मन अजून स्थिर झालेले नाही. १९५९ पासून सदस्यांतून सरपंच निवडला जात असल्याने विरोधकाला गावाच्या बहुमताइतकीच सदस्यांच्या बहुमताची काळजी करावी लागे. निकालानंतर सदस्यांना देवदर्शनाच्या निमित्ताने गावाबाहेर नेऊन ठेवण्याचा प्रकार त्यातूनच आला. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. २०२१ च्या निवडणुकीत तर सरपंचपदाची आरक्षण सोडत मतदान झाल्यावर काढली गेली, त्यामुळे आपण ज्या पदासाठी पॅनल बांधले ते पद आपल्या प्रवर्गाला मिळणार की नाही हे न कळताच १४,२३४ ग्रामपंचायतींतील उमेदवार लढले. थेट निवडीने एकट्या माणसाला प्रथमच पॅनलशिवाय गावापुढे जाण्याची वाट मिळाली, हे तिचे मोठे देणे आहे. पण सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे अशी अडलेली पंचायतही तिनेच दिली. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सुरुवातीच्या काळात अविश्वास ठराव आणता येत नाही आणि नंतर आणला तर ग्रामसभेपुढे जावे लागते, म्हणून हरलेल्या पॅनलचे सदस्य मासिक सभेत ठराव नामंजूर करत राहतात, नळपाणी योजनेचे काम थांबते, आणि पुढच्या निवडणुकीत सरपंचाविरुद्ध उभे राहू पाहणाऱ्याला त्या थांबलेल्या कामाचे उत्तर आपल्या पॅनलतर्फे गावाला आधी द्यावे लागते.